स्थलांतराची वैद्यकीय तपासणी : घोडे पेंड खाते कुठे?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कायमचे परदेशी जाण्याविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून येते. गुण किती लागतात, भाषेची परीक्षा कधी द्यावी, खात्यात रक्कम किती दाखवावी, याची सविस्तर चर्चा असते. वैद्यकीय तपासणीच्या वाट्याला मात्र शेवटची एक ओळ येते : 'त्यानंतर मेडिकल करून घ्यावे.' असे अर्ज रोज हाताळणाऱ्या आमच्यासारख्यांना ती ओळ वाचून हसू येते आणि थोडा रागही. बाकी सगळे बिनचूक असलेले अर्ज महिनोन् महिने लटकतात ते याच ओळीपाशी. आजार हे त्याचे कारण क्वचितच असते. बहुतेक वेळा तारखेचा हिशेब चुकलेला असतो, अहवाल अर्धवट असतो, नाहीतर फाइलवर विचारलेला एखादा प्रश्न अनुत्तरित पडलेला असतो. हे आधीच नीट समजले तर बराच मनस्ताप टळेल, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

पहिला गैरसमज डॉक्टरांविषयी. ही तपासणी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे चालत नाही, मग ते कितीही मोठे असोत. त्या-त्या देशाने नेमलेल्या 'पॅनेल फिजिशियन'कडेच जावे लागते, आणि त्यांची यादी त्या देशाच्या संकेतस्थळावर असते. एका देशासाठी नेमलेला डॉक्टर दुसऱ्या देशासाठीही नेमलेला असेलच असे नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची : हा डॉक्टर तुम्हाला 'पास' किंवा 'नापास' करत नाही. तो तपासतो, नोंदवतो आणि पाठवतो. ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंड यांच्यासाठी हे काम 'ईमेडिकल' नावाच्या ऑनलाइन प्रणालीतून चालते. लक्षणीय काही आढळले नाही तर 'ए' श्रेणी, काही आढळले तर 'बी'. 'ए' श्रेणीची फाइल सहसा भराभर पुढे सरकते. 'बी' श्रेणीची फाइल त्या देशाच्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे जाते, आणि तिथे रांग असते. तेव्हा 'डॉक्टर म्हणाले, सगळे ठीक आहे' या वाक्याच्या भरवशावर विमानाचे तिकीट काढू नये. त्यांनी ते मनापासून म्हटलेले असते, पण निर्णय त्यांच्या हातात नसतो.

प्रत्येक देशाचा रोख वेगळा असतो, हेही कोणी सांगत नाही. ब्रिटनला प्रामुख्याने क्षयरोगाशी मतलब. क्षयरोगाचे प्रमाण जास्त असलेल्या ठरावीक देशांतून सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्याला मान्यताप्राप्त केंद्राचे प्रमाणपत्र लागते. एक्स-रे काढल्याच्या तारखेपासून ते सहा महिने चालते. ११ वर्षांखालच्या मुलांचा सहसा एक्स-रे काढत नाहीत, प्रश्नावली भरून घेतात. पण मुलाला केंद्रावर न्यावे लागतेच. अमेरिकेचा भर संसर्गजन्य रोग, लसीकरण, व्यसन आणि इतरांना अपाय करू शकणारे मानसिक आजार यांवर आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड संसर्गाखेरीज आणखी एक प्रश्न विचारतात : ही व्यक्ती आल्यावर आमच्या सरकारी आरोग्यसेवेवर किती खर्च पडेल? शेजाऱ्याचा अनुभव ऐकून तयारी करणाऱ्यांची फसगत इथेच होते. शेजारी ब्रिटनला गेलेला असतो आणि आपण निघालेलो असतो ऑस्ट्रेलियाला.

आता तारखांकडे वळू, कारण पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते इथे. कॅनडाच्या तपासणीचा निकाल १२ महिने ग्राह्य असतो, ऑस्ट्रेलियाचाही साधारणपणे तेवढाच. अमेरिकेचा जास्तीत जास्त सहा महिने, आणि क्षयरोगासंबंधी काही नोंद असेल तर अनेकदा तीनच. घड्याळ तपासणीच्या दिवशी सुरू होते, निकाल मिळाल्याच्या दिवशी नव्हे. शिवाय या तारखेवर पुढच्या तारखा लटकलेल्या असतात. ऑस्ट्रेलियाच्या कायम व्हिसावर 'या तारखेपूर्वी पहिला प्रवेश करा' अशी जी अट येते, ती बहुधा वैद्यकीय तपासणी आणि पोलिसांचा दाखला यांपैकी ज्याची मुदत आधी संपते त्यावरून ठरते. कॅनडाचा कायम निवासाचा व्हिसाही वैद्यकीय निकाल किंवा पासपोर्ट यांपैकी आधी संपणाऱ्या मुदतीला बांधलेला असतो. अमेरिकेचा स्थलांतरित व्हिसा तपासणीच्या मुदतीपलीकडे जात नाही. म्हणजे उत्साहाच्या भरात सहा महिने आधी तपासणी उरकली, की एकतर ती वाया जाते आणि सगळ्या कुटुंबाची पुन्हा करावी लागते, नाहीतर व्हिसा हातात पडतो आणि घर आवरायला पुरते तीन आठवडे उरतात. त्यामुळे हिशेब उलटा मांडावा. आपल्या प्रकारच्या अर्जाला सध्या किती काळ लागतो ते त्या खात्याच्या संकेतस्थळावर पाहावे, त्यात प्रवासाच्या तयारीचे दोन-तीन महिने मिळवावेत आणि ते सगळे तपासणीच्या मुदतीत बसते का, ते पाहावे.

मात्र जिथे नियमच 'आधी तपासणी' असा आहे, तिथे हा हिशेब बाजूला ठेवावा लागतो. कॅनडाच्या 'एक्सप्रेस एन्ट्री'त, म्हणजे गुणांवर आमंत्रण देणाऱ्या योजनेत, २१ ऑगस्ट २०२५ पासून कायम निवासाचा अर्ज दाखल करण्यापूर्वीच तपासणी झालेली असावी लागते. त्याआधीचे सल्ले 'सूचना येईपर्यंत थांबा' असे सांगतात आणि ते अजूनही फिरत आहेत. आमंत्रण आल्यावर अर्जाला ६० दिवस मिळतात आणि त्यातच पॅनेल डॉक्टरची वेळ मिळवायची असते, म्हणून आमंत्रण आल्या दिवशीच फोन करावा. अमेरिकेत राहून ग्रीन कार्डाचा अर्ज करणाऱ्यांसाठीही नियम बदलले. २ डिसेंबर २०२४ पासून आय-६९३ हा वैद्यकीय अहवाल ज्यांना लागतो, त्यांनी तो मूळ अर्जासोबतच जोडायचा आहे. जून २०२५ पासून तो ज्या अर्जासोबत दिला त्या अर्जापुरताच चालतो. अर्ज मागे घेतला किंवा फेटाळला गेला की अहवालही गेला. ऑस्ट्रेलियात अर्जाआधी 'माय हेल्थ डिक्लेरेशन्स' हा ऑनलाइन फॉर्म भरून एचएपी आयडी, म्हणजे तपासणीचा ओळखक्रमांक, मिळवता येतो. व्हिसाचा अर्ज एकदा दाखल झाला की मात्र त्या मार्गाने जाऊ नये. मग अर्जातूनच जो एचएपी आयडी तयार होतो तोच वापरावा. दोन आयडी झाले की तपासणी एकीकडे आणि अर्ज दुसरीकडे अशी ताटातूट होते आणि दोघांची गाठ घालून देण्यात आठवडे जातात.

तपासणीच्या दिवशी मूळ पासपोर्ट, सूचनापत्र किंवा आयडी, चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स, जुने अहवाल, जुने एक्स-रे आणि चालू औषधांची मात्रेसह यादी सोबत हवी. औषधाचे बाजारातले नाव पुरत नाही, घटकाचे नाव लिहावे; एका देशातले व्यापारी नाव दुसऱ्या देशातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला काहीच सांगत नाही. अर्जातला पासपोर्ट क्रमांक आणि हातातला पासपोर्ट एकच आहे ना, हे दारातून निघण्यापूर्वी पाहावे. मधल्या काळात पासपोर्टचे नूतनीकरण झाले असेल तर आधी खात्याला कळवावे, मग तपासणीला जावे. लग्नानंतर आडनाव बदलले असेल आणि जुने अहवाल माहेरच्या नावावर असतील, तर नावबदलाचा पुरावा बरोबर न्यावा.

काय काय तपासतात याची कल्पना यावी म्हणून कॅनडाचे उदाहरण देतो. सर्वांची शारीरिक तपासणी, ५ वर्षांपासून लघवी, ११ वर्षांपासून छातीचा एक्स-रे, १५ वर्षांपासून रक्तात एचआयव्ही, सिफिलिस आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसे चालते ते दाखवणारा घटक). या साध्या चाचण्याच निष्कारण 'बी' श्रेणी देऊन जातात. मासिक पाळी चालू असताना दिलेल्या लघवीच्या नमुन्यात रक्त दिसणारच, मग मूत्रपिंडाचा आजार नाही ना म्हणून फेरतपासणी. पाळी संपून चार-पाच दिवस होऊ द्यावेत आणि मगची वेळ घ्यावी, एवढे साधे आहे. आदल्या दिवशी जबर व्यायाम केला तर लघवीत प्रथिने येऊ शकतात. व्यायामशाळेत जाणारे जी क्रिएटिनची भुकटी घेतात तिने, आणि भरपूर मांसाहारानेही, रक्तातले क्रिएटिनिन थोडे चढते. असा तरणाताठा, धडधाकट उमेदवार मूत्रपिंडतज्ज्ञाकडे पाठवला जातो हे पाहून घरचे घाबरतात. रक्तदाबाचेही तसेच. जिने चढून धापा टाकत आत जाऊ नये, पंधरा मिनिटे शांत बसावे. पहिला आकडा १४०/९०च्या वर आला तर पुन्हा मोजायला सांगावे, त्यात संकोच कसला? आधीपासून गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती टाळू नये. 'औषधाशिवाय खरा आकडा कळेल' हा प्रामाणिकपणा कोणी मागितलेला नसतो.

एक्स-रेच्या खोलीतला एक मिनिट तर फार मोलाचा. गळ्यातले सगळे काढावे, लांब केस वर बांधावेत. खांद्यावर आलेली वेणी फुप्फुसाच्या वरच्या भागावर सावली टाकते आणि क्षयाच्या खुणा शोधतात त्याही तिथेच. हनुवटी वर, खांदे पुढे वळवलेले, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला सरकतात. मग पूर्ण श्वास भरून रोखायचा. अर्ध्या श्वासात काढलेल्या चित्रात फुप्फुसाच्या तळाच्या रेषा दाटलेल्या दिसतात, आणि वाचणाऱ्याने 'संशयास्पद' लिहिले की गाडी वेगळ्याच रुळावर जाते.

तो वेगळा रूळ म्हणजे थुंकीची तपासणी. याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वाधिक लांबण याच टप्प्यावर लागते आणि त्यातली बरीचशी टाळता येते. एक्स-रेमध्ये जुना व्रण, चुनखडीसारखा पांढरा ठिपका किंवा टोकाशी आकसलेला भाग दिसला, तर तो जुना, विझलेला आजार आहे की आत काही धुमसते आहे, हे एका चित्रावरून सांगता येत नाही. म्हणून लागोपाठच्या तीन दिवशी, सकाळी, थुंकीचे तीन नमुने घेतात. सूक्ष्मदर्शकाखालचा निकाल एक-दोन दिवसांत येतो. त्यावर लोक निःश्वास सोडतात, पण खरा निकाल 'कल्चर'चा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीचा. क्षयाचे जंतू अतिशय सावकाश वाढतात, म्हणून प्रयोगशाळा सहा ते आठ आठवडे थांबते आणि मगच 'वाढ नाही' असे लिहून देते. ओळख लावून, जादा पैसे भरून हे आठ आठवडे चार होत नाहीत. जंतूंना कोणाची ओळख नसते. जे आपल्या हातात आहे ते नमुन्यापुरते. उठल्यावर काही खाण्यापूर्वी साध्या पाण्याने चूळ भरायची. दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, आणि मग पोटातून जोर लावून खोकायचे. डबीत आले ते दाट, चिकट असेल तर छातीतले. पातळ, फेसाळ असेल तर ती तोंडातली लाळ. लाळेच्या नमुन्यावर प्रयोगशाळा भरवसा ठेवत नाही. कोरडी छाती असलेल्यांना खारट वाफ देऊन खोकला आणतात. तशी सोय केंद्रावर आहे का, ते पहिल्याच दिवशी विचारावे. नमुना दूषित झाला, म्हणजे दुसरेच जंतू त्यात वाढले, की पुन्हा नमुना आणि पुन्हा आठ आठवडे. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

याच काळात सर्दी-खोकल्यासाठी स्वतःच्या मनाने प्रतिजैविके घेणे फार घातक. लेव्होफ्लॉक्सासिनच्या वर्गातली औषधे क्षयाच्या जंतूंनाही दाबतात. निदान लपते, लांबते आणि औषधाला दाद न देणारा आजार पोसला जाण्याचा धोका राहतो. घेतली असतील तर पॅनेल डॉक्टरला स्पष्ट सांगावे. दुसरी उपयोगी गोष्ट म्हणजे जुना एक्स-रे. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या चित्रात तोच ठिपका तसाच असेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्याला पुढचे मत देणे सोपे जाते. थुंकी द्यावी लागणारच नाही याची हमी मात्र त्याने मिळत नाही. पूर्वी क्षयाचा उपचार झाला असेल तर औषधांची नावे, सुरुवात आणि शेवटाच्या तारखा, उपचार पूर्ण झाल्याचा दाखला हे सगळे काढून ठेवावे. लहानपणी बीसीजी टोचलेल्यांची कातडीवरची क्षयचाचणी खोटीच सकारात्मक येऊ शकते. 'इग्रा' ही रक्तचाचणी त्या लसीने फसत नाही, म्हणून पर्याय असेल तर ती मागावी. गोवरासारखी जिवंत जंतूंची लस आणि ही रक्तचाचणी यांत एकतर दिवस तोच असावा किंवा चार-सहा आठवड्यांचे अंतर असावे.

प्रत्यक्ष क्षय निघालाच तर? तर अर्ज संपत नाही, थांबतो. साध्या, औषधाला दाद देणाऱ्या आजाराचा उपचार सहा महिन्यांचा : पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने दोन. गोळ्या कोणाच्या तरी देखरेखीखाली घेतल्याची नोंद लागते. घरी बसून नियमित घेतल्या, हे तोंडी सांगणे चालत नाही. शेवटी पुन्हा थुंकी, पुन्हा कल्चर. म्हणजे आठ-नऊ महिने धरून चालावे. नोकरीच्या प्रस्तावाची किंवा शाळाप्रवेशाची तारीख त्या बेताने लगेच बदलून मागावी, शेवटच्या महिन्यात धावाधाव करू नये. सुप्त क्षयाची (जंतू अंगात आहेत, पण आजार नाही) नुसती नोंद असेल तर सहसा अडवत नाहीत. ऑस्ट्रेलिया 'हेल्थ अंडरटेकिंग', म्हणजे आरोग्याचे हमीपत्र, म्हणून फॉर्म ८१५ लिहून घेऊ शकते, आणि तिथे पोचल्यावर २८ दिवसांत तिथल्या नेमलेल्या आरोग्यसेवेशी संपर्क साधायचा असतो. कॅनडा वैद्यकीय देखरेखीची अट घालते आणि पोचल्यावर सहसा ३० दिवसांत तिथल्या आरोग्य खात्याकडे नोंद करायची असते. हे कागद सामानाच्या तळाशी जाऊ देऊ नयेत.

मधुमेह, थायरॉइड, दमा, रक्तदाब असे आजार असलेल्यांना आपण बादच होणार असे वाटते. नुसत्या आटोक्यातल्या मधुमेहासाठी सहसा अर्ज फेटाळत नाहीत. फाइल अडते ती 'आटोक्यात आहे' हे कागदावर न दिसल्यामुळे. पुष्कळ डॉक्टर दोन ओळींचा दाखला देतात : 'रुग्ण नियमित उपचार घेत असून प्रकृती समाधानकारक आहे.' हा दाखला म्हणजे निव्वळ कागदी घोडा. दूरच्या कार्यालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला त्यातून एकही उत्तर मिळत नाही, मग तो प्रश्न पाठवतो, आणि प्रश्न येऊन उत्तर जाईपर्यंत दोन महिने जातात. अहवालात निदान नेमके कोणते व कधी झाले, आजवर कोणते उपचार झाले, सध्याची औषधे आणि मात्रा, गेल्या काही महिन्यांतले आकडे (मधुमेह असेल तर एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, क्रिएटिनिन, डोळ्यांचा पडदा), रुग्णालयात कधी राहावे लागले का, व्यक्ती स्वतंत्रपणे काम करू शकते का, आणि पुढच्या पाच-दहा वर्षांत आजाराची वाटचाल कशी असेल याविषयी तज्ज्ञाचे मत हवे. शेवटचा मुद्दा डॉक्टर हमखास गाळतात, आणि अधिकाऱ्याला हवा असतो नेमका तोच. अहवाल तीन महिन्यांच्या आतला, लेटरहेडवर, नोंदणी क्रमांक आणि सहीसह असावा. कर्करोगातून बरे झालेल्यांनी मूळ पॅथॉलॉजीचा अहवाल, टप्पा, उपचारांच्या तारखा आणि शेवटची स्कॅन पहिल्याच भेटीत द्यावी.

खर्चाच्या अटीबद्दल, म्हणजे आजारावरचा अंदाजे सरकारी खर्च ठरावीक मर्यादेच्या वर गेला तर अर्ज अडतो त्या अटीबद्दल, जुनी माहिती फार फिरते, म्हणून आकडे देतो. ऑस्ट्रेलियाची मर्यादा १ जुलै २०२४ पासून ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. त्यापूर्वी ती ५१,००० होती. कायम व्हिसासाठी साधारण पाच वर्षांचा खर्च धरतात, पण आजार कायमचा आणि त्याचा खर्च अंदाज बांधता येण्याजोगा असेल तर त्याहून लांबचा. न्यूझीलंडची मर्यादा सप्टेंबर २०२२ पासून ८१,००० न्यूझीलंड डॉलर आहे. कॅनडाने २०१८ साली मर्यादा तिथल्या सरासरी दरडोई खर्चाच्या तिप्पट केली आणि विशेष शिक्षणासारख्या सेवा हिशेबातून वगळल्या. २०२५ साठी तो आकडा वर्षाला २७,१६२ कॅनेडियन डॉलर होता. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांनी २०१८ पूर्वीचे लेख वाचून हाय खाऊ नये.

या आकड्यांमागचा विचार ऑस्ट्रेलियात आणि कॅनडात वेगळा आहे, हे कळले नाही तर उत्तर चुकते. ऑस्ट्रेलियात त्या आजाराच्या 'काल्पनिक' व्यक्तीवर किती खर्च होईल ते पाहतात. तुमच्याकडे खासगी विमा आहे, नातेवाईक पैसे देणार आहेत, या म्हणण्याला तिथे किंमत नाही. गुणांवर मिळणाऱ्या १८९ क्रमांकाच्या व्हिसासारख्या व्हिसात सूटही नाही. जोडीदाराच्या आणि नोकरदात्याच्या काही व्हिसांत सूट मागता येते. कॅनडात आधी 'प्रोसिजरल फेअरनेस लेटर', म्हणजे नकारापूर्वी बाजू मांडायची संधी देणारे पत्र, येते आणि उत्तराला ९० दिवस मिळतात. बाहेरून घेण्याची औषधे कोणत्या विम्यातून किंवा खिशातून भागवणार, स्वस्त पर्यायी औषध चालते का, याचा सविस्तर आराखडा तिथे खरोखर विचारात घेतला जातो. परंतु रुग्णालयातल्या सरकारी सेवेचे पैसे आम्ही स्वतः भरू, हे वचन तिथेही चालत नाही, कारण ते वसूल करण्याची व्यवस्थाच नाही. तज्ज्ञाचे पत्र मिळायला वेळ लागणार असेल तर मुदत संपण्यापूर्वी लेखी मुदतवाढ मागावी. शिवाय कॅनडाची ही खर्चाची अट प्रायोजित पती-पत्नी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या मुलांना लागूच नाही. हे ठाऊक नसल्याने अर्जच न करणारी कुटुंबे असतात, याचे वाईट वाटते.

लपवाछपवीविषयी फार बोलत नाही. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नसतो. पोटावरची शस्त्रक्रियेची खूण आणि औषधांची यादी आपोआप बोलतात. जो आजार सांगितला असता तर अर्ज सहज मंजूर झाला असता, तो दडवल्यामुळे कॅनडात पाच वर्षांची आणि ऑस्ट्रेलियात तीन वर्षांची बंदी येऊ शकते. एचआयव्हीच्या भीतीने दडवणाऱ्यांना सांगावेसे वाटते की अमेरिकेने जानेवारी २०१० मध्येच तो नकाराच्या कारणांतून काढून टाकला आहे.

कुटुंबातला जो सदस्य बरोबर येणार नाही त्याची तपासणी कशाला, असा प्रश्न हमखास येतो. ऑस्ट्रेलियात बहुतेक कायम व्हिसांना कुटुंबातल्या प्रत्येकाने, न येणाऱ्यानेही, आरोग्याची अट पूर्ण करावी लागते आणि एकाचा निकाल प्रतिकूल गेला तर सर्वांचा अर्ज पडतो. कॅनडात न येणाऱ्या जोडीदाराला किंवा मुलाला तपासणीतून वगळले, तर पुढे त्याला कुटुंब म्हणून बोलावण्याचा रस्ता बंद होऊ शकतो. घटस्फोटितांची मुले दुसऱ्या पालकाकडे असतात तेव्हा हे फार नाजूक होते. दुसरा पालक मुलाला तपासणीला पाठवायला तयार नसेल तर लेखी विनंत्या, त्यांची उत्तरे, वकिलाची नोटीस असा पुरावा जमवून खात्याला कळवावा, नुसते गप्प राहू नये.

गर्भवतींसाठी एक्स-रे हा अडसर असतो. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा दोघेही सहसा बाळंतपणानंतर एक्स-रे काढावा असेच सुचवतात, तोवर निर्णय थांबतो. ब्रिटनसाठी पोटावर संरक्षक कवच ठेवून एक्स-रे, थुंकीची तपासणी किंवा बाळंतपणापर्यंत थांबणे असे तीन मार्ग असतात. थुंकीचा मार्ग निवडला तर आठ आठवडे आलेच. बाळ जन्मले की त्याचे नाव अर्जात घालायचे, त्याचा पासपोर्ट काढायचा आणि त्याचीही तपासणी करायची. या तीन कामांना मिळून दोन-तीन महिने लागतात आणि तेवढ्यात आई-वडिलांच्या तपासणीची मुदत संपत नाही ना, हे पाहावे लागते. अमेरिकेच्या अर्जात जिवंत जंतूंच्या लसी गर्भवतींना देत नाहीत आणि तशी नोंद डॉक्टर फॉर्मवर करतात. इतरांनी हे ध्यानात ठेवावे की अनेक मात्रांच्या लसींची वयानुसार लागू असलेली पहिली मात्रा झालेली असली तरी सहसा पुरते, सगळा क्रम पूर्ण होईपर्यंत थांबायचे कारण नाही. कांजिण्या किंवा गोवर होऊन गेला असेल तर प्रतिपिंडांची रक्तचाचणी दाखवून टोचणे वाचवता येते. अमेरिकेसाठी काही केंद्रे बंद लिफाफा हाती देतात. तो उत्सुकतेपोटी फोडणारे दर वर्षी असतात. फोडलेला लिफाफा मुलाखतीत चालत नाही.

आणि मग वाट पाहणे. केंद्राने निकाल पाठवले की नाही, हे आठवड्याभरात केंद्रालाच विचारावे. रक्ताचा निकाल आला पण एक्स-रेचा अहवाल चढवायचा राहिला, असे घडते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या 'इमिअकाउंट' या ऑनलाइन खात्यात प्रत्येक व्यक्तीसमोर आरोग्याची स्थिती दिसते. 'मूल्यमापन चालू, तुम्ही काही करायचे नाही' असे लिहिले असेल तर खरोखरच काही करायचे नाही. रोज ईमेल पाठवल्याने फाइल पुढे सरकत नाही. मात्र कॅनडाच्या खात्यात चार महिने उलटूनही निकाल मिळाल्याची नोंद नसेल तर वेबफॉर्मवर (संकेतस्थळावरच्या चौकशीच्या फॉर्मवर) तपासणीची तारीख, केंद्राने दिलेला आयएमई (वैद्यकीय तपासणीचा) क्रमांक आणि तपासणीची पावती जोडून एकदाच, मुद्देसूद विचारणा करावी. ती पावती, म्हणजे केंद्राने शेवटी छापून दिलेला 'इन्फर्मेशन शीट' नावाचा कागद, लोक पार्किंगच्या चिठ्ठीसारखा टाकून देतात. त्याचा लगेच फोटो काढून ठेवावा.

आपला,
एक वाचक